साडेचारशेच्या पाईपनं जीभ भाजली, आता महागडा घेऊ की नाद सोडू?

तिकटीवरचा

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचाच, मिरजकर तिकटीजवळ राहतो, वय ३४, म्हणजे शाळकरी पोरगं न्हाय हे आधीच सांगून ठेवतो. सिगरेट चार वर्षांपूर्वी सोडली ती सोडलीच, पण पाईपचं वेड कधीपासनं डोक्यात हुतं ते काय जाईना. शेवटी ऑनलाईन एक शिसवी लाकडाचा पाईप घेतला, साडेचारशेला, चकाचक पॉलिश, खाली स्टँड पण फुकट. तंबाखू मुंबईच्या मित्रानं आणून दिली, चेरीच्या वासाची, पुडी फोडली तर घरभर केकच्या दुकानासारखा वास, बायको पण म्हणाली की वास बरा आहे.

मग रविवारी संध्याकाळी गच्चीवर ऐटीत बसलो. चौदा काड्या गेल्या, मोजल्यात. पेटतंय, दोन झुरके, विझतंय. परत पेटव. अर्ध्यात आल्यावर आतनं हुक्क्यासारखं गुडगुड व्हायला लागलं आणि एक कडू घोट थेट तोंडात आला. बाहेरचं पॉलिश एका बाजूला फोड आल्यासारखं उचललंय. आणि जीभ अशी भाजली की दुसऱ्या दिवशी तांबडा रस्सा तोंडात घेतला आणि डोळ्यातनं पाणी, घरातले हसायलेत.

आता प्रश्न असा की चूक पाईपची का माझी? पुण्याच्या एका दुकानात इटालियन पाईप बघून ठेवलाय, नऊ हजार सांगतोय. तेवढे घातले की हे सगळं थांबंल का? का दोन हजाराच्या आत काय चांगलं मिळतंय? जाणकारांनी सांगा.

नादखुळा_गडी

भावा नऊ हजारात तर वर्षभर तांबडा-पांढरा हुईल की रोज. बिडी वड आन् गप झोप 😂

जुना_धूर

वरच्याचं ऐकू नको, पण नऊ हजार पण घालू नको.

चूक दोघांची आहे, पाईपची थोडी, तुझी जास्त. राग मानू नको, मी पण पहिल्या वर्षी असाच भाजून घेतलेला आणि तेव्हा विचारायला कोण नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं झाली आता, शाहूपुरीत माझ्या गॅलरीत रोज संध्याकाळी एक, त्याच्यावर दुसरा न्हाय.

आधी पाईपचं बोलू. तू घेतलास त्याला आम्ही शोकेसचा पाईप म्हणतो. जाड व्हार्निश मारलेलं असतं त्यामुळं लाकूड श्वासच घेत नाही, उष्णता आणि ओल आतच कोंडते, आणि मग तो फोड येतो. तो फोड आलेला पाईप परत ओढू नकोस, व्हार्निश जळाल्याचा धूर कशाला पोटात घ्यायचा. स्टँड छान असंल तर पेन ठेव त्यात.

चांगला पाईप ब्रायरचा. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठानं वाढणारं एक झुडूप आहे, एरिका आर्बोरिया, त्याच्या मुळाशी जी गाठ धरते त्या गाठीचं लाकूड. झाड नव्हं, मूळ पण नव्हं, गाठ. ती उकळतात, मग महिनोन् महिने वाळवतात आणि मग कोरतात. आग सहसा धरत नाही, ओल पिते, म्हणून दीडशेएक वर्षं सगळे त्याच्याच मागं. फ्रान्समधलं सेंट क्लॉड गाव याच धंद्यावर मोठं झालं. तुझा इटालियन पण ब्रायरचाच असणार, चांगलाच असणार, पण तुझ्या चौदा काड्या त्यात पण चौदाच राहतील.

स्वस्तात सगळ्यात चांगला म्हणजे कॉर्न कॉब. हसू नको, मक्याचं कणीस. दाणे काढल्यावर जो बुरकुंडा उरतो त्याचा पाईप. अमेरिकेत मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं एक छोटं गाव आहे, राजधानी वेगळी, हे वेगळं, तिथं १८६९ पासनं मिसुरी मीरशॉम कंपनी हेच करते. मका पण खास जातीचा लावतात, बुरकुंडा जाड आणि टणक यायला पाहिजे म्हणून, आणि वाळवून मग कोरतात. जनरल मॅकआर्थरच्या फोटोत तो लांबलचक पाईप असतो बघ, तो हाच. तिकडं साधा कॉब दहा-पंधरा डॉलरला मिळतो. परदेशातनं मागवायचा तर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरून हिशोब कर, त्यापेक्षा ओळखीतला कुणाचा पोरगा-पोरगी अमेरिकेतनं सुट्टीला येणार असंल तर दोन आणायला सांग. दोन का ते पुढं सांगतो.

कॉबची गंमत म्हणजे पहिल्या दिवसापासनं गोड लागतो. ब्रायरला आतनं काजळीचा थर धरेपर्यंत आठ-पंधरा वेळा कळ काढावी लागते. कॉब ओल शोषतो, चूक माफ करतो, आणि वाया गेला तर जीव हळहळत नाही.

उद्यमनगर_लेथ

काकांचं बरोबर आहे पण यांत्रिक बाजू मी सांगतो, कारण माझ्याकडं असला एक पाईप एका मित्रानं आणून दिलेला की बाबा हा का गुडगुडतोय बघ, मी सरळ उभा कापला बँड सॉवर.

धुराचं भोक बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, अगदी तळाला निघायला पाहिजे. त्यात ते तळापासनं ५-६ मिलीमीटर वर निघालेलं. म्हणजे खाली एक डबकं तयार झालं, तंबाखूची वाफ तिथं थंड होऊन पाणी साठतंय आणि वरनं ओढलं की ते पाणी नळीत. झाली गुडगुड. दुसरं म्हणजे दांडीचा टोक जिथं आत बसतो तिथं आत मोकळी जागा राहिलेली, तिथं पण पाणी. मापात केलेला पाईप असंल तर टेनन, म्हणजे दांडीचं ते टोक, आत टेकल्यावर फट राहत नाही. हे दोन्ही दोष महागड्या पाईपात पण असू शकतात, किमतीवर जाऊ नका, दुकानात उभ्या उभ्या तपासा: पाईप क्लीनर, म्हणजे लव गुंडाळलेली बारीक तार, तोंडाकडनं आत सारा, कुठं न अडकता बाऊलच्या तळाला नाक बाहेर काढला तर भोक बरोबर. बाऊलची भिंत सगळीकडनं सारखी जाड आहे का ते अंगठा आत आणि बोट बाहेर धरून बघा. आतनं पत्र्याचं अस्तर असंल तर ठेवून द्या, पत्रा तापतो.

आणि एक कबुली देतो. मला वाटलं आपल्याकडं लेथ आहे, लाकूड आहे, ब्रायरचं काय एवढं कौतुक, म्हणून सागाचा तुकडा धरला आणि दीड तासात पाईप कोरला. देखणा झालता, खोटं का बोलू. पण सागात तेल असतंय हे डोक्यातच आलं न्हाय. पहिल्याच भरणीला तंबाखूऐवजी फर्निचर जळल्याचा वास, तिसऱ्याला आतनं कोळसा आणि चौथ्याला भिंतीला चीर. साध्या लाकडाला रेषा असतात, तापलं की रेषेतनं फाटतं. गाठीच्या लाकडाची रेषा सगळीकडं फिरलेली असते म्हणून ते तगतं, हे मला पाईप फुटल्यावर कळलं.

दट्ट्या मात्र मी भारी केलाय, टॅम्पर म्हणतात तो. पितळी रॉडचा भंगारातला तुकडा, एका टोकाला १५ एमएम सपाट. तिकटीवरचा, तू ये एकदा दुपारी, तुला एक काढून देतो, पैसे नको, चहा सांग.

तिकटीवरचा

लई उपकार. काका, तुमच्या पोस्टनं डोळे उघडले आणि लेथवाल्या भावाच्या पोस्टनं हसून हसून पोट दुखलं. उद्याच येतो.

क्लीनर घालून बघितला, माझा अडकतोय मध्येच. म्हणजे पाईप पेनस्टँडच.

एक विचारायचं राहिलं, निपाणी तर आपल्या शेजारी, तासाभराच्या रस्त्यावर. एवढी तंबाखू पिकतेय तिथं. ती घातली पाईपात तर? चेरीबिरीचा खर्चच वाचंल.

निपाणी_सीमेवरचा

अजिबात घालू नकोस मित्रा. आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखू, वखारीत खेळून मोठे झालोय, म्हणून सांगतो.

आमची ती बिडीची तंबाखू. शेंडा खुडतात, बगलेतले फुटवे काढतात म्हणजे झाडाचा सगळा जोर पानात उतरतो, आणि मग उन्हात वाळवतात. जहाल असते. बिडीत चिमूटभर असते आणि दोन-चार मिनिटात संपते. पाईपमध्ये तू त्याच्या कितीतरी पट भरणार आणि पाऊण तास ओढणार. मी केलाय हा उद्योग कॉलेजात असताना, मामाच्या चिलमीत. चिलमीला छापी म्हणजे फडकं गुंडाळलेलं असतं ओलं, धूर त्याच्यातनं गार होऊन येतो तरी, तरी पण दहा मिनिटात घाम फुटला, हातपाय गार, आणि उकिरड्यावर जाऊन सगळं जेवण बाहेर. शिवाय आमचा हा जर्दा, म्हणजे बिडीची तंबाखू, बारीक चुरा असतो, पाईपात तो खाली सरकून भोक बुजवतो.

पाईपची तंबाखू वेगळीच. व्हर्जिनिया आपल्याकडं आंध्रात आणि म्हैसूरकडं होते, भट्टीत गरम हवेवर वाळवतात म्हणून पानातली साखर टिकते. बर्ले सावलीत वाऱ्यावर वाळते, साखर जवळजवळ नसते. लटाकिया तर धुरावर वाळवतात, तिचा वास मटण भाजल्याच्या चुलीसारखा, नवख्यानं तिकडं जाऊ नये असं माझं मत.

जुना_धूर

लटाकियाबद्दल माझं मत उलटं आहे, मला तिच्याशिवाय चव लागत नाही, पण तो वाद नंतर घालू. निपाणीकरांचं बाकी सगळं खरं.

तुझ्या चेरीवर येतो. असल्या वासाच्या तंबाखूत सिरप असतं आणि ओल टिकायला प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात, त्यामुळं ती नीट वाळतच नाही. जीभ भाजली ती आगीनं कमी, वाफेनं जास्त. तू ओली तंबाखू ओढलास, विझली म्हणून जोरात ओढलास, जोरात ओढलं म्हणून जास्त तापली, तापली म्हणून जास्त वाफ. वास पुडीत, चव कुणाला? शेजाऱ्याला. साधी बिनवासाची नाहीतर अगदी हलक्या वासाची घे, बर्ले जास्त असलेली असंल तर उत्तम, तिच्यात साखर कमी म्हणून जीभ कमी पोळते.

आणि वाळव. हे एक केलंस तरी निम्मं काम झालं. भरायच्या आधी एका भरणीपुरती काढून वर्तमानपत्रावर पसर. एप्रिलमध्ये गच्चीवर दहा मिनिटात कुरकुरीत होईल, तेवढी पण नको, चिमटीत दाबली की चिकटू नये पण चुरा पण होऊ नये. आणि आपल्या पावसाळ्यात, जुलैत पंचगंगा घाटावर चढलेली असते तेव्हा, तास ठेवली तरी तशीच दमट, मग मी टेबल लॅम्पच्या खाली ठेवतो. बाकीची पुडी काचेच्या बरणीत घट्ट, नाहीतर बुरशी धरते, आणि पांढरी लव दिसली की सरळ फेकायची, वरचं काढून खालचं वापरू असलं काही करायचं नाही.

आता भरणं. पाईपवाल्यांत जुनं बोलणं आहे, पहिला थर पोराच्या हातानं, दुसरा बाईच्या आणि तिसरा बाप्याच्या. म्हणजे खाली मोकळी सोडायची, मध्ये हलकं दाबायचं, वर जरा घट्ट. ठासायची नाही. भरून झालं की न पेटवता ओढून बघ, स्ट्रॉनं नारळपाणी ओढतोस तेवढाच जोर लागला पाहिजे. जास्त लागला तर सगळी काढ आणि परत भर, आळस करू नकोस, पेटवल्यावर ते सुधारत नाही.

काडी ओढली की गुलाचा भडका जाऊ दे, मग जवळ ने. ज्योत गोल गोल फिरव. पहिल्यांदा पेटली की तंबाखू अशी केस उभे राहिल्यासारखी वर फुगते, ती दट्ट्यानं नुसती बसव आणि विझू दे. मग दुसऱ्यांदा पेटव, ती खरी पेट. तू बहुतेक पहिल्याच पेटीवर ओढत बसलास. आणि ते जेट लायटर नको रे, काठ जळून काळा होतो.

मग हळू. गरम चहा बशीतनं फुर्र करून पितोस ना, तसा, गटागटा नाही. बाऊल गालाला लावून बघ मधनंमधनं, गालाला चटका बसला की खाली ठेव, विझू दे. विझणं ही चूक नाही. मी बत्तीस वर्षांनी पण दोन-तीनदा पेटवतो, ज्याला एका काडीवर शेवटपर्यंत न्यायचंय त्यानं न्यावं, मला काय कुस्तीचं मैदान मारायचं नाही.

संपलं की पूर्ण थंड होऊ दे आणि मगच दांडी काढ. गरम असताना काढलास की टेनन मोडतो, माझा एक चांगला डब्लिनचा पाईप असाच गेला, घाई होती, पाहुणे आलेले. क्लीनर घाल, राख काढ, कठड्यावर ठोकू नकोस. आणि त्याला एक दिवस विश्रांती, आत ओल असते. म्हणून म्हटलं दोन आण.

दंतवैद्य_राजारामपुरी

इथे नेहमी वाचतो, आज लिहितो आहे. कोणाचा रसभंग करायचा नाही, पण "पाईपचा धूर छातीत घेत नाही म्हणून निर्धोक" हे माझ्या खुर्चीत बसून आठवड्याला कोणीतरी म्हणतं, म्हणून.

धूर छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं, पाईपच्या धुराचा गुणधर्मच तसा आहे. ओठाचा कॅन्सर आणि पाईप यांचा संबंध अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालातच मांडलेला आहे, ही काही कालची गोष्ट नाही. तोंडाचा, घशाचा धोका आहेच. आणि तिकटीवरचे, तुम्ही सिगरेट सोडलेली आहे. सिगरेट ओढणाऱ्यांना धूर आत ओढायची सवय असते, ती पाईपवर तशीच येते, आणि मग फुप्फुसाचंही गणित परत सुरू होतं. चार वर्षं तुम्ही जे कमावलंय ते मोठं आहे, हे विचारात घ्या.

ओढणारच असाल तर तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, दाखवा. पाईप दातात एकाच जागी धरून बसू नका, दात झिजतो. आणि पाईप हातात धरून बस स्टँडवर किंवा हॉटेलात उभं राहायचं नाही, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे, सिगरेटला आहे तशी पाईपलाही.

जुना_धूर

डॉक्टर, तुमच्याशी वाद नाही. माझी बायको हेच तीस वर्षं सांगते, फक्त तुमच्याइतक्या मऊ भाषेत नाही. दर सहा महिन्याला मी तोंड दाखवून घेतो. ज्यानं सुरूच केलं नाही त्याला मी कधी सुरू कर म्हणत नाही, हा पोरगा भाजून घेऊन आला म्हणून सांगत बसलो.

नादखुळा_गडी

काका एक शंका, खरंच. नव्या ब्रायरला आतनं मध लावायचा असं यूट्यूबवर सांगायलेत?

जुना_धूर

लोक लावतात. मी एकदा लावला, मुंग्या झाल्या. नवीन असताना पहिल्या चार-पाच वेळा अर्धाच भर आणि तळापर्यंत सावकाश ओढ, थर आपोआप धरतो. एक रुपयाच्या नाण्याएवढा जाड झाला की पुरे, त्याच्यापुढं गेला तर खरवडायचा, नाहीतर तो थर तापून फुगतो आणि बाऊल तडकतो.

तिकटीवरचा

मंडळी, पावणेदोन महिन्यांनी लिहितोय, माफी. मावसबहिणीचा नवरा न्यू जर्सीहून आला, त्यानं दोन कॉब आणले, कस्टमवाल्यानं विचारलं म्हणे हे काय आहे, तर म्हणाला मक्याचं कणीस, तो पण हसला. दट्ट्या लेथवाल्या भावानं काढून दिला, वर माझं नाव पण कोरलंय, चहा तर झालाच पण मिसळ पण त्यानंच खायला घातली.

बर्ले मिळाली. लॅम्पखाली वाळवली, पोराच्या-बाईच्या-बाप्याच्या हातानं भरली. पहिले दोन दिवस बोंबच, मी मध्ये जास्त दाबत हुतो. तिसऱ्या दिवशी पाच काड्या. परवा तीन. गुडगुड न्हाय, जीभ जाग्यावर, काल पांढरा आणि तांबडा दोन्ही प्यालो. रिकाम्या पोटी एकदा ओढला तेवढी चूक केली, डोकं गरगरलं, आईनं गुळाचा खडा दिला तेव्हा बरं वाटलं.

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून दोन दिवस गप्प बसलो हुतो खरं. रोज न्हाय करायचा असं ठरवलंय, रविवार एवढाच, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्याकडंच तोंड दाखवायला येतो, ओळख मी सांगणार न्हाय, तुम्हीच ओळखा. नऊ हजारवाल्या पुण्याच्या दुकानदाराला फोन करून सांगितलं की नको.

एकच अडचण, एका कॉबची दांडी घट्ट बसलीय, निघंना. पक्कड लावू?

उद्यमनगर_लेथ

पक्कड लावशील तर दट्ट्या परत घेईन. तासभर फ्रीजमध्ये ठेव, मग सरळ ओढत हळूच पिरगाळ. फ्रीजमध्ये पिशवीत घालून ठेव, नाहीतर दह्याला वास लागंल आणि घरातनं तूच बाहेर.